छोट्या कुत्र्याला ट्रॅकिया कोलॅप्स निघालाय? मग हे क्रमाने करा

पॉम, पग, शिह त्झू, यॉर्की, माल्टीज, चिवावा, टॉय पूडल यातलं काहीतरी तुमच्या घरात असेल, वय सहा-सातच्या पुढे गेलं असेल, आणि डॉक्टरांनी खोकला ऐकून "ट्रॅकिया कोलॅप्स वाटतोय" (म्हणजे श्वासनळी मऊ पडून मिटते) म्हटलं असेल तर तुम्ही घरी येऊन पहिलं काय केलं असणार ते मला माहितीये, सर्च केलं असणार. आणि मग स्टेंट (नळी उघडी ठेवायला आत टाकतात ती जाळी), ऑपरेशन, निळी पडलेली जीभ असले फोटो बघून रात्रभर झोप नाही. आमच्या चिंगीच्या (पॉमेरियन, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पॉम म्हणतात ते, निम्मे तर इंडियन स्पिट्झच असतात) वेळी घरात हेच झालं होतं.

तर आधी एक आकडा. १९९४ साली १०० कुत्र्यांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यातल्या ७१ जणांचा त्रास ऑपरेशन न करता, औषधं आणि काळजीवर वर्षभराहून जास्त आटोक्यात राहिला. पूर्ण बरा होणारा आजार नाहीये हा, पण सांभाळता येतो, आणि सांभाळायचं बरंचसं काम दवाखान्यात नाही तर आपल्या घरात असतं. डॉक्टर गोळी लिहून देतील, आजी टेबलाखालून बिस्कीट सरकवते ते बघायला डॉक्टर येणार नाहीत ना.

१. आधी नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या

श्वासनळीला कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या, म्हणजे पाठीकडच्या बाजूला उघड्या, आणि ती उघडी बाजू एका मऊ पडद्याने बंद केलेली असते. या आजारात कूर्चा मऊ पडत जाते, कडी चपटी होते आणि तो पडदा आत लोंबायला लागतो. मानेतला भाग बहुतेक श्वास आत घेताना मिटतो, छातीतला भाग श्वास सोडताना आणि खोकताना. मिटलं की आतल्या भिंती एकमेकींवर घासतात, सूज येते, सुजेने अजून खोकला, खोकल्याने अजून सूज. आपलं सगळं काम हे चक्र तोडायचं.

ग्रेड चार असतात. पहिल्यात नळीची साधारण पाव जागा गेलेली असते, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात पाऊण, चौथ्यात जवळजवळ सगळी. पण ग्रेडचा कागद बघून घाबरू नका, तिसऱ्या ग्रेडवाला मजेत फिरतोय आणि दुसऱ्या ग्रेडवाला रात्रभर खोकतोय असंही होतं.

आणि कॅल्शियम. कोणीतरी सांगणारच, कॅल्शियम कमी पडलंय, हाडं उकडून पाणी द्या. कूर्चा मऊ पडणं म्हणजे कॅल्शियमची कमतरता नाही, त्याने कड्या परत कडक होत नाहीत.

२. खोकला ऐका आणि व्हिडिओ काढा

हा खोकला कोरडा असतो, जुन्या रिक्षाचा रबरी भोंगा दाबल्यासारखा, आणि बऱ्याचदा शेवटी उलटी काढल्यासारखं करून थोडासा फेस येतो. मग घरचे म्हणतात घशात काहीतरी अडकलंय, आणि तोंडात बोटं घालतात. नका घालू. बेल वाजली की, पाणी प्यायलं की, पट्टा ओढला की, उचलून घेतलं की वाढतो का ते बघा.

दवाखान्यात नेल्यावर हमखास खोकणार नाही, टेबलावर गुपचूप बसेल आणि तुम्हीच खोटं बोलताय असं वाटेल. म्हणून मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ हवेतच: एक खोकल्याचा, आवाजासकट (टीव्ही बंद करून), एक शांत झोपलेला असताना छाती-पोट दिसेल असा.

झोपेतले श्वास पण मोजा. छाती वर गेली खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत, सतत त्याच्या वर असतील तर हृदय किंवा फुफ्फुसाची भानगड असू शकते, लवकर दाखवा.

एक गोंधळ नेहमी होतो, उलटी शिंक. कुत्रा मान ताणून उभा राहतो आणि नाकातून खर्र खर्र हवा आत ओढतो, मिनिटभरात नॉर्मल. ते वेगळं आहे आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी. दोन्हीचा व्हिडिओ दाखवला तर डॉक्टरांना लगेच कळतं.

३. फाईल आणि सामान

एक प्लास्टिकची फाईल करा आणि दाराजवळच ठेवा, कपाटात नको. त्यात:

- लसीकरणाचं पुस्तक (केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस दिलीये का ते डॉक्टर विचारणारच)
- सगळी प्रिस्क्रिप्शन, जुनी पण
- एक्स-रे, शक्यतो डिजिटल कॉपी. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो फारसा कामाचा नसतो
- रक्ताचे रिपोर्ट, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर तो
- वजनाची नोंद, तारखेसकट
- खोकल्याची वही: कधी, किती वेळ, आधी काय घडलं

सामानात छातीचा हार्नेस, किचनचा वजनकाटा (खाणं मोजायला), आणि उन्हाळ्यासाठी ओला करता येईल असा टॉवेल. कुत्र्याचं वजन करायला आपल्या बाथरूम काट्यावर त्याला घेऊन उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. हा काटा १००-२०० ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, छोट्या कुत्र्यात तेवढ्यानेही फरक पडतो, त्यामुळे महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर करून घ्या.

४. तपासणी: नुसतं "हेच असणार" वर थांबू नका

डॉक्टर गळ्यावर बोटाने हलकं दाबून बघतात, खोकला सुटला तर संशय वाढतो. तुम्ही घरी हे करून बघायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

एक्स-रे मान आणि छाती दोन्हीचा हवा, आडवा, आणि जमलं तर श्वास आत असताना एक आणि बाहेर सोडताना एक. कारण नळी सारखी मिटत-उघडत असते आणि एक्स-रे म्हणजे त्यातला एकच क्षण, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून कोलॅप्स नाहीच असं होत नाही. फ्लुरोस्कोपीत (म्हणजे चालता एक्स-रे) हालचाल दिसते पण ती मोजक्याच ठिकाणी मिळते. दुर्बिणीची तपासणी सगळ्यात स्पष्ट, पण भूल द्यावी लागते, म्हणून ती सहसा ऑपरेशनचा विचार चालू असेल तेव्हाच.

माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे तो हृदय तपासण्याचा. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये हृदयाची मायट्रल झडप गळणं खूप कॉमन आहे, हृदय मोठं होऊन श्वासनळीच्या फांदीवर दाबतं आणि खोकला येतो, तोही असाच. दोन्ही आजार एकत्रही असतात. स्टेथोस्कोपने मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला तर इको करून घ्या, "वय झालंय, असायचंच" असं कोणी म्हणालं तरी. शिवाय ब्राँकायटिस, केनेल कफ, न्यूमोनिया, हार्टवर्म (हृदय-फुफ्फुसातले जंत) हे सगळे खोकल्याचेच धनी.

मोठ्या तपासणीसाठी कुठे जायचं? मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलंच १८८६ पासूनचं व्हेटरनरी कॉलेज सगळ्यांना माहिती आहेच. बाकी महाराष्ट्रात शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी व्हेटरनरी कॉलेजांचे दवाखाने आहेत. कोणती तपासणी तिथे होते ते आधी फोन करून विचारा, आणि उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या, दुपारी रांगेत धापा टाकत बसलेलं कुत्रं तपासणार काय.

५. गळ्यातला पट्टा आजच काढा

ही एकच गोष्ट फुकटात आणि लगेच होणारी. गळ्यात पट्टा नको, चेन नको, घुंगरू नको, "फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी सैलसर" तेही नको, बिल्ला हार्नेसला लावता येतो.

हार्नेस घेताना वरून छान दिसतोय की नाही यापेक्षा पुढचा भाग कुठे टेकतो ते बघा. वाय आकाराचा, छातीच्या हाडावर बसणारा हवा. काही स्वस्त हार्नेसना पुढे आडवी पट्टी असते, ओढलं की ती सरकून थेट गळ्यावर येते, म्हणजे पट्ट्यासारखंच झालं. पुढच्या पायांच्या मागे छातीचं माप टेपने घ्या, आणि घातल्यावर पट्टी आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. पॉमचं नुसतं केसांचंच माप निघतं बऱ्याचदा, केस दाबून मोजा. डोक्यावरून चढवताना खोकतोय? मग पाय घालून पाठीवर बंद करायचा प्रकार घ्या.

उचलतानासुद्धा एक हात छातीखाली आणि एक बुडाखाली. मुलं काखेत धरून लोंबकळत उचलतात, ते बंद.

६. वजन: इथेच सगळं अडतं

जाड कुत्र्यात छातीवर आणि पोटात चरबीचा दाब असतो, श्वास घ्यायला जास्त जोर लागतो, आणि जोर लागला की नळी अजून मिटते. नुसत्या वजन उतरवण्याने खोकला बराच कमी झालेली कुत्री खूप आहेत. तरी लोक हे टाळून आधी औषध मागतात, कारण गोळी देणं सोपं, आजीला नाही म्हणणं अवघड.

हिशोब बघा. चार किलोच्या, फारशी हालचाल नसलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. एक ग्लुकोज बिस्कीट म्हणजे अंदाजे २० ते २५ कॅलरी. सकाळच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे दिवसाच्या एक तृतीयांशाहून जास्त खाणं बिस्किटातच गेलं, आणि वाटीभर जेवण वेगळंच. वर पोळीचा तूप लावलेला तुकडा, तो तर कोणी मोजतच नाही.

करायचं असं:

- दिवसभराचं खाणं सकाळी काट्यावर मोजून एका डब्यात काढायचं. ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच करायचे. डबा संपला की संपलं.
- बिस्किटाच्या जागी उकडलेल्या गाजराचा, दुधीचा किंवा फरसबीचा तुकडा. कुत्र्याला घास मिळाल्याशी मतलब असतो.
- आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं तरी उत्तम. एकदम उपाशी ठेवू नका.
- बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. पॉमच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवू नका, अंघोळ घालताना ओल्या केसात बघा, खरं रूप तेव्हाच दिसतं.

फिरवणं बंद करायचं नाही. छोट्या छोट्या फेऱ्या, सावकाश, थंड वेळेला.

७. घरातली हवा

आपल्याकडची घरं म्हणजे खोकल्याला निमंत्रण. अगरबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉईल, फिनेलचा उग्र वास, रूम फ्रेशनर, सिगरेट, आणि सगळ्यात वर सुक्या मिरचीची फोडणी. माणसांनाच ठसका लागतो तिथे त्या पाच किलोच्या जिवाचं काय. आमच्याकडे आता ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडायच्या आधी चिंगीची रवानगी बेडरूममध्ये, दार बंद, एक्झॉस्ट चालू, आणि वास गेला की सुटका. तिलाही आता कळतं, तवा काढला की स्वतःच उठून जाते.

देवघराचा विषय नाजूक असतो, मला मान्य आहे. उदबत्ती बंद करा म्हटलं की भांडण. मधला मार्ग म्हणजे तेलाचा दिवा लावायचा, उदबत्ती बाल्कनीत, आणि आरतीचा कापूर पेटवताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. कापूर चाटायलाही मिळता कामा नये, तो कुत्र्यांना विषारी असतो. डासांसाठी खिडक्यांना जाळी लावा, कॉईल काढून टाका. लादी साध्या पाण्याने पुसा, बाजूला बांधकाम चालू असेल तर दिवसातून दोनदा.

८. औषधं: काय कशासाठी

डोस मी लिहिणार नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितलेलाही देऊ नका, पण कुठलं औषध काय करतं ते माहिती असावं.

खोकला दाबणारी औषधं मुख्य असतात. यात कोडीन किंवा ब्युटॉर्फेनॉल वगैरे येतात, ही प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. थोडी गुंगी आणि बद्धकोष्ठता होते. छातीत घरघर किंवा ओला कफ असेल, न्यूमोनिया असेल, तर खोकला दाबणं चुकीचं, म्हणून आधी तपासणी.

स्टेरॉईड (प्रेडनिसोलोन) सूज उतरवायला, थोड्या दिवसांसाठी. फरक इतका पटकन दिसतो की लोक तेच महिनोन्महिने चालू ठेवतात. मग भूक वाढते, वजन वाढतं, धाप वाढते, म्हणजे सहाव्या पायरीवर पाणी. आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंदही करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करत आणायचं. लांबचं चालवायचं असेल तर मास्क आणि स्पेसर लावून फ्लुटिकासोनचा (श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड) पंप देता येतो का ते विचारा, त्याचा अंगभर परिणाम कमी असतो. मास्कची सवय मात्र आधी रिकाम्या मास्कने, खाऊ देत देत लावावी लागते.

थिओफायलिन, टर्ब्युटालिन ही श्वासाच्या बारीक नळ्या मोकळ्या करतात. मोठी श्वासनळी त्याने उघडत नाही, पण बारीक नळ्या मोकळ्या झाल्या की छातीतला दाब कमी होतो. थिओफायलिन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी एनरोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कुत्रा बेचैन होतो, हृदय धडधडतं. जिथे जाल तिथे चालू औषधांची यादी दाखवा, म्हणूनच ती फाईल.

अँटिबायोटिक इन्फेक्शन असेल तरच. दर खोकल्याला एक कोर्स, असं करू नका.

आता ठळक धोक्याची गोष्ट: माणसांचं कफ सिरप देऊ नका. त्यात पॅरासिटामॉल असू शकतं, नाक मोकळं करणारी फिनाइलएफ्रिनसारखी औषधं असू शकतात, आणि शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते), जे कुत्र्यांची साखर धाडकन खाली आणतं. निलगिरीचं तेल लावणं, बाम चोळणं, गरम वाफ देणं, कांदा-लसणाचं सूप, हे पण नाही. नेब्युलायझर डॉक्टरांनी सांगितला तर साध्या सलाईनचा चालतो.

९. उन्हाळा, पाहुणे, फटाके

कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि याच्या नळीला धापाच सोसत नाहीत. म्हणून मार्च ते जून फिरणं सकाळी ऊन व्हायच्या आत आणि रात्री. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तापमान कमी दिसलं तरी त्रास तितकाच, पंख्यापेक्षा एसी किंवा ड्राय मोड बरा. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नको. रेल्वेने जाणार असाल तर फर्स्ट एसीच्या कूपेचं जमवा, नाहीतर जाऊ नका, सामानाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत असा पेशंट उन्हाळ्यात पाठवायचा नसतो.

उत्साह हा सगळ्यात मोठा ट्रिगर. बेल काढून टाका किंवा पाहुण्यांना सांगा की खालून फोन करा. आल्या आल्या "अगं बाईईई कित्ती गोड" करून कोणी उचलायचं नाही, आधी पाच मिनिटं दुर्लक्ष. गणपतीत ढोल आणि दिवाळीत फटाके येणारच आहेत, त्याआधी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटून शांत राहायचं औषध द्यायचं का ते विचारून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ वाजता कुठला दवाखाना उघडा मिळत नाही.

१०. जीभ निळी पडली तर

जीभ-हिरड्या निळ्या किंवा राखाडी, मान लांब करून कोपर बाहेर काढून उभा, खोकला थांबतच नाही, किंवा चक्कर येऊन पडला. तेव्हा:

१) आरडाओरडा बंद, एकच माणूस जवळ. तुमच्या घाबरण्याने तो अजून जोरात श्वास ओढतो.
२) हार्नेससकट सगळं काढा, एसी किंवा पंखा, पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा. बर्फ नको.
३) तोंडात पाणी, मध, गोळी काहीही घालू नका.
४) दवाखान्यात फोन करून सांगा की ऑक्सिजन लागेल, आणि निघा. गाडीत एसी लावून, उभा किंवा बसलेला जसा त्याला बरं वाटेल तसा राहू द्या, छातीशी घट्ट कवटाळू नका.

ऑक्सिजन असलेला आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधा, नंबर फ्रीजवर चिकटवा, आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. तिथे गेल्यावर बहुतेक वेळा आधी ऑक्सिजन आणि शांत करायचं इंजेक्शन देतात, तपासण्या नंतर. ते बरोबर आहे, "आधी एक्स-रे काढा" म्हणून हट्ट करू नका.

११. पार्लर, दात साफ करणं, बोर्डिंग

पार्लरच्या टेबलावर गळ्याला फास असतो, बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय काढत नाहीत. बुकिंग करतानाच सांगा: गळ्याला काही नको, पिंजऱ्यातला गरम ड्रायर नको, आणि मी समोर बसणार. नाही म्हणाले तर दुसरं पार्लर.

दात साफ करायला किंवा कशालाही भूल द्यायची असेल तर कोलॅप्स आहे हे आधी सांगा, भूल देणारे नळी निवडण्यापासून नंतरच्या देखरेखीपर्यंत वेगळी तयारी करतात.

बोर्डिंगला ठेवणार असाल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात: पट्टा नाही, खाणं किती ग्रॅम, औषधाच्या वेळा, निळी जीभ म्हणजे थेट अमुक दवाखाना. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं.

१२. ऑपरेशनची वेळ कधी येते

वजन उतरवलं, हवा सुधारली, औषधं नीट चालू आहेत, तरी श्वासच पुरत नाही, तेव्हा. नुसता खोकला येतो म्हणून ऑपरेशन नाही.

मानेतल्या भागासाठी नळीच्या बाहेरून प्लास्टिकच्या कड्या बसवतात. यात जवळून जाणाऱ्या स्वरयंत्राच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. छातीतल्या भागापर्यंत बाहेरून पोचणं अवघड, तिथे आतून निटिनॉल या मिश्रधातूची जाळीदार स्टेंट टाकतात. ती टाकल्यावर श्वास लगेच सुधारतो, पण पुढे ती तुटू शकते, सरकू शकते, तिच्या टोकाशी मांस वाढू शकतं.

ज्यांच्याकडून करून घ्यायचंय त्यांना सरळ विचारा: अशा किती केसेस केल्यात, माप कसं घेणार, स्टेंट तुटली तर पुढे काय, पहिल्या आठवड्यात रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. यातल्या शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं नाही तर मी तरी दुसरं मत घेईन. आणि स्टेंट टाकली तरी खोकल्याचं औषध बऱ्याच जणांना पुढेही लागतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एवढे पैसे घालून अजून खोकतोच कसा म्हणून दर आठवड्याला तुम्हालाच ऐकावं लागेल.